एर्तुग्रुलच्या खलाशांसाठी एक घास

आमच्या टोकियोच्या ऑफिसात केरेम-सान, म्हणजे केरेमराव, नावाचा एक तुर्की इंजिनिअर आहे. तो कोड लिहितो आणि मी टेस्टर आहे, म्हणजे त्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. अशा दोन माणसांची मैत्री व्हायचं खरं तर काही कारण नाही. पण कँटीनमध्ये रोज "यात डुक्कर आहे का" विचारणारा तो एकटा आणि "यात मासा आहे का" विचारणारी मी एकटी. मागची सगळी रांग आमच्यासाठी खोळंबायची. दोघांना एकदमच ओशाळं व्हायचं, त्यातून गट्टी जमली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी तो तोंड पाडून बसला होता. त्याची आई एमिने-हानम, म्हणजे आपल्या भाषेत एमिनेबाई, पहिल्यांदाच जपानला आली होती आणि नारिता विमानतळावर तिच्याकडची छोटी कापडी पिशवी काढून घेतली होती. पिशवीत काय, तर माती. काळ्या समुद्राकाठच्या त्यांच्या गावची मूठभर माती. परदेशची माती जपानात आणू देत नाहीत हे बिचारीला माहीत नव्हतं, आणि केरेमला ती आणते आहे हे माहीत नव्हतं.

माती कशासाठी, ते सांगते. एकोणिसावं शतक संपत आलं असताना तुर्कस्तानच्या सुलतानाने जपानच्या सम्राटाकडे एर्तुग्रुल नावाची युद्धनौका भेट घेऊन पाठवली होती. परतीच्या वाटेवर ती जपानच्याच दक्षिण किनाऱ्यावर कुशिमोतोजवळच्या खडकांवर वादळात फुटली आणि पाचशेहून जास्त माणसं बुडाली. त्यात एमिनेबाईंच्या वडिलांचे थोरले चुलते होते, हसन नावाचे. प्रेत मिळालं नाही. त्यांचंच नाव मग पुतण्याला ठेवलं. तो पुतण्या, म्हणजे एमिनेबाईंचे वडील, आज नव्वदीत आहेत. त्यांना प्रवास झेपत नाही. त्यांनी मुलीकडून वचन घेतलं होतं की कुशिमोतोच्या स्मारकापाशी जाऊन चुलत्याला गावची माती घालून ये. आता मातीच गेली. एमिनेबाई म्हणत होत्या की रिकाम्या हाताने मी हसनचाचांसमोर उभी राहणार नाही, आणि केरेमने तिथली तिकिटं रद्द करायला घेतली होती.

हे सगळं मी घरी आल्यावर आईला सांगितलं. माझी आईही तेव्हा मुलुंडहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि आमच्या हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये तिचा स्वतःचा एक घोळ चालला होता. पितृपक्ष लागला होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून पितृपक्षात कावळ्याला घास ठेवल्याशिवाय आई जेवत नाही. आता टोकियोत कावळ्यांना तोटा नाही, चांगले कोंबडीएवढे असतात. पण इथे कावळा म्हणजे शत्रू. त्याने कचऱ्याच्या पिशव्या फोडू नयेत म्हणून सगळा परिसर जाळ्या अंथरून बसतो. आईने पहिल्याच दिवशी बाल्कनीच्या कठड्यावर वरणभात ठेवला. अर्ध्या मिनिटात पाच कावळे आले आणि तासाभरात बिल्डिंगचे केअरटेकर आले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली, कावळ्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. आईला त्या फुलीचा मनापासून राग आला.

एमिनेबाईंची गोष्ट तिने भाजी निवडता निवडता ऐकली. मग म्हणाली, "तिला सांग, हात रिकामे असले तरी पाय आहेत ना? तिकिटं रद्द करू नका म्हणावं. आपणही जाऊ."

योगायोग असा की पुढचा सोमवार सुट्टीचा होता, तोही वडीलधाऱ्यांच्या सन्मानाचा दिवस. जपानात अशी खरीखुरी सरकारी सुट्टी असते. माझा नवरा रिलीजमध्ये अडकलेला होता, त्याने आनंदाने आम्हाला कटवलं. तर असे शनिवारी सकाळी आम्ही निघालो. दोन आया आणि त्यांचे दोन हमाल.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. टोकियोहून कुशिमोतो आडवाटेला आहे. शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागोया, तिथून कीई द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने जाणारी डिझेलची एक्स्प्रेस, मग शेवटच्या टप्प्याला पुन्हा गाडी बदलायची. सगळा दिवस जातो. जाऊन येऊन माणशी चाळीस हजार येनच्या आसपास धरा. नागोयाला खाण्याची सोय करून घ्या, कारण पुढच्या गाडीत काही मिळेल याचा भरवसा नाही.

नागोया स्टेशनवर आमचा बराच वेळ डब्यांच्या दुकानासमोर गेला. एमिनेबाईंना डुक्कर आणि दारू चालत नाही. आईला मांस-मच्छी-अंडं चालत नाही, आणि पितृपक्ष म्हणून कांदा-लसूणही नाही. दोघी एकेक डबा उचलायच्या, माझ्याकडे आणि केरेमकडे बघायच्या आणि आम्ही माना हलवल्या की खाली ठेवायच्या. विकणारी मुलगी प्रत्येक वेळी वाकून माफी मागत होती. शेवटी मी मिठाचा साधा ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुठीएवढा गोळा, आईपुढे धरला. आल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. "पिंड आहे तो," ती म्हणाली, "तुम्ही लोक पिंड कसले खाता गाडीत बसून?" केरेमने भाषांतर मागितलं. मी म्हटलं, नंतर सांगते. आम्ही आईने आणलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी खाल्ली. एमिनेबाईंना चटणी इतकी आवडली की डबा त्यांच्याच मांडीवर राहिला.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्याने फारसं अडत नव्हतं. आई मराठीत बोलायची, त्या तुर्कीत. मधेच चाय, साबण, दुकान असा एखादा ओळखीचा शब्द सापडला की दोघी खूश. आई त्यांना एमिनेताई म्हणायला लागली. केरेम आईला आई-सान म्हणत होता, मी एकदा सुधारलं आणि नाद सोडला.

ओवासे नावाच्या गावाजवळ गाडी थांबली. ओवासे म्हणजे जपानातलं आंबोली समजा, एवढा पाऊस पडतो. त्या दिवशीही धो धो चालू होता. पाऊस ठरावीक मर्यादेबाहेर गेला की या मार्गावर गाडी पुढे सोडत नाहीत, अशी घोषणा झाली. किती वेळ थांबणार ते माहीत नाही. एमिनेबाईंचं परतीचं विमान मंगळवारी होतं. त्या खिडकीतून डोंगरावरच्या ढगांकडे बघत बसल्या आणि केरेमचा पाय हलायला लागला.

त्याला बोलता ठेवायला म्हणून मी विचारलं की मुळात एवढी जुनी बोट एवढ्या लांब पाठवलीच कशाला. मला वाटलं, दोन वाक्यांत सांगेल. पण पाऊस थांबेपर्यंत तो बोलत होता.

मी शाळेत खिलाफत चळवळ पाच मार्कांपुरती वाचलेली. म्हणजे कुठल्यातरी खलिफासाठी आपल्याकडच्या लोकांनी चळवळ केली एवढंच. का केली, आणि तो खलिफा म्हणजे तुर्कस्तानचा सुलतानच, ते कधी डोक्यात शिरलं नव्हतं. केरेम म्हणाला की ही बोट निघाली तेव्हा सुलतानाचं राज्य नकाशावर भलंमोठं दिसत होतं, पण युरोपातल्या सावकारांनी ते आतून विकत घेतलं होतं. कर्ज थकलं तेव्हा त्यांनी इस्तंबूलमध्येच आपलं ऑफिस थाटलं. तंबाखूवरचा कर, मिठावरचा कर, रेशमावरचा कर परस्पर तिथे जमा व्हायचा. ट्युनिस फ्रेंचांनी घेतलं होतं, इजिप्तमध्ये इंग्रजांची फौज बसली होती. एर्तुग्रुल सुएझ कालव्यात शिरली आणि अडकली, सुकाणूला मार बसला. कालवा इजिप्तमध्ये, इजिप्त नावाला सुलतानाचं, आणि सुलतानाचीच बोट तिथे परक्यांच्या परवानगीने चालली होती.

"मग पाठवली का?" मी पुन्हा विचारलं.

"दाखवायला," केरेम म्हणाला. "इंग्रजांच्या, फ्रेंचांच्या, डचांच्या राज्यात जे कोट्यवधी मुसलमान होते त्यांना दिसावं, की आपला एक बादशहा अजून आहे, त्याचा झेंडा आहे. बंदराबंदरात थांबत गेली ती. मुंबई, कोलंबो, सिंगापूर. लोक नुसती बघायला गर्दी करायचे."

जपानशी दोस्तीचं कारणही तेच. जपानवरही तेव्हा युरोपियनांनी एकतर्फी तह लादलेले होते. दोघांना ते फेकून द्यायचे होते. जपानला जमलं. तुर्कांच्या हातून मात्र एकेक प्रांत जात राहिला आणि महायुद्धानंतर बाकीच्या अरब मुलखाची इंग्रज-फ्रेंचांनी पट्टी ठेवून वाटणी केली. एर्तुग्रुल परत निघताना जपान्यांनी सांगितलं होतं, वादळाचे दिवस आहेत, बोट जुनी लाकडी आहे, डागडुजी करा, थांबा. पण पैसे संपत आले होते, वरून परत या म्हणून हुकूम होता, आणि थांबलो तर अशक्त दिसू ही भीती. मी टेस्टर आहे, त्यामुळे हा प्रकार मला नीट कळला. तयार नसलेली गोष्ट वरच्यांच्या अब्रूसाठी तारखेला बाहेर काढायची, आणि बुडणारे असतात खालचे. हे ऐकून केरेम हसला. दोन्ही आया आमच्याकडे बघायला लागल्या तेव्हा मी आईला सगळं मराठीत सांगितलं.

आईने एकच गोष्ट धरून ठेवली. "मुंबईला उतरली होती ती माणसं?"

हो, म्हटलं, बरेच दिवस होती.

"म्हणजे आपल्याकडे जेवून गेलेली माणसं," आई म्हणाली. मग तिने एमिनेबाईंच्या गुडघ्यावर थोपटलं आणि चटणीचा डबा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

दुपार सरता सरता गाडी हलली. कुशिमोतोला उतरलो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. आम्ही मिनशुकूत राहिलो, म्हणजे एखाद्या घरगुती खाणावळीत पथारी मिळावी तसं. दोन जेवणांसकट माणशी आठ हजारांच्या आत. मालकीणबाईंनी ताटात समुद्रातलं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. एमिनेबाई काळ्या समुद्राच्या, त्यांनी मासा असा सोलून खाल्ला की मालकीणबाई बघत राहिल्या. त्या तुर्की आहेत कळल्यावर तर भाताची दुसरी वाटी न मागता आली. या गावात तुर्की माणसाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. आईने भात, लोणच्याचं आंबट प्लम आणि चटणी यावर भागवलं. शाकाहाऱ्यांनी इथला मेहारी-झुशी जरूर खावा. मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भात असतो, आपल्या डोळ्यांना तरी पिंड वाटत नाही.

सकाळी लख्ख ऊन. आधी स्टेशनपासून थोड्या अंतरावरचे हाशिगुई-इवा पाहिले, समुद्रात रांगेने उभे असलेले खडक. फार सुंदर आहेत, पण ऊन चढायच्या आत जा. तिथून परतताना आई एकटीच कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, शिरली आणि एक पिशवी घेऊन आली. मला वाटलं पाणी घेतलं असेल. मग बसने पूल ओलांडून ओशिमा बेटावर गेलो. बस मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

शेवटच्या थांब्यापासून दीपगृहापर्यंत चालत जायचा रस्ता आहे. वाटेत एक तुर्की वस्तूंचं दुकान लागतं. जपानच्या एका टोकाला, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ते निळ्या डोळ्यांचे मणी आणि गालिचे टांगलेले पाहून एमिनेबाई थबकल्या, मग त्यांनी एका मण्याची किंमत विचारली आणि तुर्कीत असं काही बोलल्या की केरेमने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. पुढे छोटं संग्रहालय आहे. आत बोटीतून वर काढलेल्या वस्तू आणि बोटीची प्रतिकृती. त्यापुढे स्मारकाचा उंच दगडी खांब, आणि टोकाला दीपगृह. तेही एका ब्रिटिश इंजिनिअरने बांधलेलं, युरोपियनांच्या जहाजांना वाट दिसावी म्हणून तहात कबूल करून घेतलेलं. वाचलेले खलाशी त्याच दिव्याच्या रोखाने कडा चढून आले. भाषा कळेना तेव्हा दीपगृहवाल्यांनी देशोदेशींच्या झेंड्यांचं पुस्तक उघडून समोर धरलं आणि खलाशांनी चंद्रकोरीवर बोट ठेवलं, असं सांगतात. गावकऱ्यांनी त्यांना अंगाच्या उबेने गरम केलं आणि स्वतःच्या पोटापुरत्या ठेवलेल्या कोंबड्या कापून खाऊ घातल्या. हे केरेम आपल्या आईला वाचून दाखवत होता.

स्मारकासमोर एमिनेबाईंनी हात पसरून प्रार्थना म्हटली. आम्ही मागे उभे राहिलो. प्रार्थना झाल्यावरही त्या उघड्या तळव्यांकडे बघत राहिल्या. केरेमने कुजबुजत सांगितलं की ती म्हणतेय, झालं माझं, पण बाबांना काय सांगू.

मी वळून बघते तो आई जागेवर नाही. ती बाजूला, स्मारकापासून हटून, समुद्राच्या बाजूच्या बुटक्या दगडी कठड्याशी होती. पिशवीतून तिने ओनिगिरी काढला होता. मिठाचा, साधा. वरचा प्लास्टिकचा कागद सोडवून घडी करून पर्समध्ये ठेवला, भाताचा गोळा कठड्यावर मांडला, त्यावर चमचाभर दही घातलं आणि हात जोडून मागे सरकली.

परक्या देशात, परक्या धर्माच्या माणसांच्या स्मारकापाशी, आणि पाच पावलांवर इथेही फुली मारलेल्या कावळ्याचं चित्र. मी आईला म्हटलं की अगं उचल ते, हे मुसलमान होते, त्यांच्यात असलं काही नसतं, आणि इथे दंड होईल. आई म्हणाली, "मुंबईत जेवले तेव्हा कुणी विचारलं असेल का त्यांना?"

समोरच्या पाईनच्या झाडावर एक कावळा बसलेला होता. टोकियोतला असता तर एव्हाना गोळा घेऊन पसार झाला असता. हा नुसता मान तिरकी करून बघत होता. तेवढ्यात झाडू घेतलेले एक आजोबा संग्रहालयाच्या बाजूने घाईघाईने आमच्याकडे यायला लागले. केरेम त्यांच्याकडे धावला आणि खूप वाकत वाकत जपानीत बोलायला लागला. मी एमिनेबाईंची माफी मागायला वळले तर त्याच मला विचारत होत्या, खुणेने, हे काय आहे म्हणून. आजोबांना सोडून केरेम परत आला आणि मी इंग्रजीत सांगितलं, त्याने तुर्कीत. की आमच्याकडे मेलेल्या माणसांसाठी असा घास ठेवतात. कावळा शिवला तर त्या माणसाचं मन भरलं. नाही शिवला, तर त्याचं काहीतरी राहिलंय.

एमिनेबाई दचकतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या की आमच्याकडे थडग्याच्या दगडालाच लहान वाटी कोरलेली असते, पाखरांना पाणी प्यायला. पाखरू प्यायलं की पुण्य आतल्याला मिळतं. हसनचाचांना थडगंच नाही, म्हणून वाटीही नाही.

कावळा अजून झाडावरच होता. आई हळूच म्हणाली, "त्याच्या माणसाने बोलायला हवं. माझं नाही ऐकायचा तो. एमिनेताईंना सांग, काय राहिलं असेल ते त्यांनी म्हणावं."

केरेमने सांगितलं. एमिनेबाई पुढे झाल्या, कठड्याशी उभ्या राहिल्या आणि समुद्राकडे बघत साध्या आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. केरेम माझ्यासाठी भाषांतर करत होता.

"हसनचाचा, मी तुमच्या भावाची नात. माती आणली होती, ती काढून घेतली. तुमचं नाव माझ्या बाबांना ठेवलंय, ते अजून आहेत, चांगलं जेवतात. घरी तुमची आठवण काढतात सगळे. यापुढे तुम्ही वाट बघू नका."

त्या मागे सरकल्या आणि कावळा सरळ खाली आला. एकदा चोच मारली, मग अख्खा गोळा पकडायचा प्रयत्न केला, तो फुटला, अर्धा चोचीत घेऊन समुद्राच्या बाजूने उडून गेला.

"शिवला," आई म्हणाली.

मला ठाऊक आहे, आम्ही एवढी माणसं कठड्याला खेटून उभी होतो म्हणून तो आधी येत नव्हता आणि मागे सरकलो म्हणून आला. आयुष्यभर मी याच प्रकारची कारणं शोधण्याचा पगार घेतलाय. पण त्या क्षणी मी रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. एमिनेबाई तर रडता रडता हसत होत्या आणि आईला मिठी मारून सोडत नव्हत्या.

झाडूवाले आजोबा मधल्या वाटेत थांबून राहिले होते. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी टोपी काढून समुद्राकडे पाहून मान झुकवली, मग केरेमला म्हणाले की मी जरा पलीकडचा भाग झाडून येतो, तोवर इथलं सांडलेलं भरून ठेवलंत तर बरं होईल. आईने एकेक शीत वेचून पिशवीत भरलं. इतकी स्वच्छ जागा मी जपानातही क्वचित पाहिली आहे.

सोमवारी परतलो. ऑफिसला वाटायला संत्र्याचे केक घेतले, सुट्टीवरून रिकाम्या हाताने आलेलं इथेही चालत नाही. नागोयाला एमिनेबाईंनी दशम्यांची कृती केरेमकडून लिहून घेतली. आमचा निरोप टोकियो स्टेशनवर झाला. दोन्ही आया आपापल्या भाषेत बोलत एकमेकींना सूचना देत होत्या आणि दोघी होकार देत होत्या.

आता आई मुलुंडला परत गेली आहे. कावळ्याच्या चित्रावरची फुली लिफ्टमध्ये अजून आहे, पण मी ते चित्र आता हसल्याशिवाय बघू शकत नाही. एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात खिलाफतीचे पाच मार्क होते, आणि ते मार्क मिळवून मी खूश होते. त्या पाच मार्कांमागची गोष्ट कुणाच्या तरी घरातल्या माणसाची होती, हे मला कुशिमोतोला जाऊन कळलं. जाता आलं तर जा. दीपगृह छान आहे, समुद्र तर आहेच.

गेल्या आठवड्यात केरेम कँटीनच्या रांगेत सांगत होता. त्याच्या आजोबांना फोनवर सगळं कळवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मातीचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं की पक्षी कुठला होता. कावळा, असं सांगितल्यावर म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला.

"मग तोच," आजोबा म्हणाले. "माझे वडील सांगायचे, शेजारच्यांच्या अंजिरांना थोरल्या भावाने कधी पिकू दिलं नाही."

मी हे आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या पितृपक्षात बाबांच्या पानाशेजारी एक अंजीर ठेवीन.